आधी पाय, मग हात

प्रस्तरारोहण शिकू पाहणाऱ्या माणसाला पहिल्यांदा कुठल्या कातळासमोर उभं करावं, हा प्रश्न वरवर साधा आहे. पण पहिल्या काही दिवसांत शरीराला जे वळण लागतं ते पुढे मोडता मोडत नाही, आणि चुकीचं वळण डोंगरावर महागात पडतं. माझं म्हणणं असं, की ही सुरुवात कमी उताराच्या, खरखरीत, तिरप्या कातळावर व्हावी. आरोहक त्याला स्लॅब म्हणतात. हा कातळ शक्यतो वर्दळीपासून दूर, आडवाटेचा असावा. उभा कडा, सुळका, पुढे झुकलेला ओव्हरहँग आणि शहरातली कृत्रिम भिंत यांची पाळी त्यानंतर यावी. या म्हणण्याला विरोध करणारी माणसं अनुभवी आहेत आणि त्यांचे मुद्दे हलके नाहीत. म्हणून शास्त्रार्थाची आपली जुनी रीत इथे पाळतो: आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण जोरानिशी, मग त्याला उत्तर.

पूर्वपक्ष : तुम्ही सांगता ती पद्धत मागे पडली आहे. आज मुंबई-पुण्यात कृत्रिम भिंती उभ्या आहेत, खाली जाड गाद्या आहेत, ऊन-पावसाची अडचण नाही. नोकरी सांभाळून संध्याकाळी दोन तास जाता येतं. टोकियो ऑलिंपिकमध्ये स्पोर्ट क्लायंबिंगचा समावेश झाला, 2021 मध्ये त्या स्पर्धा जगाने पाहिल्या आणि तेव्हापासून मुलामुलींना या खेळाची ओढ लागली आहे. त्यांना झेप घ्यायची आहे, लोंबकळायचं आहे, दंडात ताकद भरायची आहे. अशा मुलाला तुम्ही उतरत्या खडकावर नेऊन हळूहळू पाऊल टाकायला सांगता. त्याला आपण चढाई करतोय असं वाटणारच नाही, दुपारपर्यंत कंटाळा येईल आणि तो परत फिरकणार नाही. शिवाय आधुनिक चढाईचा मोठा भाग उभ्या आणि पुढे झुकलेल्या कातळावर होतो. जिथे जायचं आहे तिथलीच तयारी पहिल्या दिवसापासून का करून घेऊ नये?

उत्तरपक्ष : कृत्रिम भिंतीचे फायदे तुम्ही सांगितलेत ते सगळे मला मान्य आहेत. दोराची गाठ मारणं, बिले देणं म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळणं, हार्नेसचं बकल तपासणं, पडल्यावर दोरावर विसावणं हे तिथे उत्तम शिकता येतं. माझा आक्षेप एकाच गोष्टीला आहे. त्या भिंतीवर रंगीत, ठसठशीत पकडी बसवलेल्या असतात, त्यामुळे नवख्याची नजर वर, हाताकडे जाते. तो पकडीला लोंबतो, स्वतःला ओढून घेतो आणि पाय मागून फरफटत येतात. दंडात जोर असेल तोवर हे चालतं, जोर संपला की चढाई संपते. तिरप्या कातळावर ओढायला काही नसतंच. तिथे शरीराचं वजन पायांवरच टाकावं लागतं, दुसरा मार्ग उरत नाही. जे मार्गदर्शकाने शंभर वेळा सांगूनही पटत नाही, ते कातळ पहिल्या दहा पावलांत पटवतो.

यामागचं भौतिकशास्त्र शाळेतलंच आहे. उतरत्या पृष्ठभागावर एखादी वस्तू स्थिर राहायची असेल, तर उताराच्या कोनाचा टॅन्जंट घर्षणांकापेक्षा जास्त असून चालत नाही. घर्षणांक 1 धरला तर ही मर्यादा 45 अंशांवर येते, 0.7 धरला तर साधारण 35 अंशांवर. या सूत्रात वजन कुठेच नाही, कारण ते घसरवणाऱ्या आणि रोखणाऱ्या अशा दोन्ही बाजूंना सारखंच येतं आणि कटतं. रबर या साध्या नियमाला तंतोतंत बांधलेलं नसतं हे खरं, पण ढोबळमानाने निष्कर्ष टिकतो: बारा वर्षांची मुलगी, पन्नाशीचा गृहस्थ आणि व्यायामशाळेत घडलेला तरुण या तिघांना घर्षणाच्या बाबतीत कातळ सारखीच वागणूक देतो. पुढे झुकलेल्या भिंतीवर असं होत नाही. तिथे स्वतःचं वजन हातांनी उचलावं लागतं, म्हणून वजनाच्या मानाने ताकद ज्याची जास्त तो पहिल्याच दिवशी पुढे जातो आणि बाकीचे आपल्याला हे जमणार नाही अशी समजूत करून घेतात. जिथून अधिकाधिक माणसं आत येऊ शकतात ते दार आधी उघडावं, एवढंच मी म्हणतो.

आता एक पाऊल जवळून पाहू. नवखा तिरप्या कातळावर येतो आणि घाबरला की छाती खडकाला टेकवतो, दोन्ही हात डोक्यावर उंच नेऊन काही सापडतंय का ते चाचपत राहतो. त्यामुळे कंबर आत जाते, टाचा वर उचलल्या जातात आणि वजनाचा काही हिस्सा तळव्यांवर जातो. पाय जेवढ्या जोराने कातळाला दाबत होते तो दाब कमी होतो, दाब कमी झाला की घर्षण कमी होतं, आणि पाय निसटतो. उपाय बरोबर उलटा आहे. कंबर खडकापासून दूर घ्यायची, शरीर उभं ठेवायचं, टाच खाली सोडायची म्हणजे बुटाच्या पुढच्या तळाचं रबर पसरून टेकतं. हात कमरेच्या आसपास ठेवून फक्त तोलापुरते दाबायचे आणि पावलं वीतभराची टाकायची. नजर पायाखाली ठेवली की कातळातला बशीएवढा खोलगट भाग, स्फटिकांचा खडबडीत पट्टा, नखाएवढी कड दिसू लागते. पावसाळ्यात भाताच्या निसरड्या बांधावरून डोक्यावर भारा घेऊन जाणारी बाई अशीच ताठ, छोट्या पावलांनी चालते. ओणवी झाली तर ती पडेल हे तिच्या पायांना माहीत असतं. नवख्याच्या पायांना ही जाण द्यायची आहे, आणि ती देणारा कातळ कंटाळवाणा आहे असं वाटणारी माणसं सहसा त्यावर फार वर गेलेली नसतात. कोन पाच अंशांनी वाढला की तेच पाऊल पूर्ण एकाग्रता मागतं.

पूर्वपक्ष : पायांचं ठीक आहे, पण तुम्ही पडण्याबद्दल बोलत नाही. उभ्या किंवा पुढे झुकलेल्या भिंतीवरून पडलेला माणूस हवेत पडतो आणि दोर त्याला अलगद झेलतो. तिरप्या कातळावर तो खडकाला घासत खाली येतो. तळहात सोलवटतात, गुडघे फुटतात, वाटेत एखादा कंगोरा आला तर घोटा मुरगळतो किंवा मोडतो. त्यातून स्लॅबवरच्या जुन्या मार्गांवर दोर अडकवायचे बोल्ट लांब लांब असतात हे तुम्हालाही माहीत आहे. शेवटच्या बोल्टच्या चार मीटर वर गेलेला आरोहक पडला तर तो किमान आठ मीटर खाली येणार, आणि दोराचा ताण धरला तर त्याहूनही जास्त. सोपा म्हणून नेलेला कातळ प्रत्यक्षात नवख्यासाठी जास्त धोक्याचा असू शकतो.

उत्तरपक्ष : हा आक्षेप खरा आहे, आणि तो मान्य करूनच पुढे जायला हवं. दूरदूरच्या बोल्टचं कारणही नीट समजून घ्यावं. ज्यांनी खालून वर जात हे मार्ग उघडले त्यांना हाताने हातोडी मारून भोक पाडावं लागे. एका बोल्टला बराच वेळ लागत असे, आणि तेवढा वेळ दोन्ही हात मोकळे ठेवून उभं राहता येईल अशी जागा सापडेल तिथेच बोल्ट बसे. मधला गुळगुळीत भाग मोकळा राही. अशा मार्गावर पुढे राहून चढणं, म्हणजे लीड करणं, हे अनुभवी माणसाचं काम आहे. नवख्याने ते करावं असं मी म्हणतच नाही. त्याचा दोर वरून यावा, म्हणजे टॉप रोप असावा. बिले देणारा दोर सतत आखूड करत राहिला तर पाय निसटल्यावर माणूस हातभर घसरतो आणि थांबतो. त्या घसरण्यात भीती असते पण इजा सहसा नसते. आणि ही भीतीसुद्धा शिकवते, कारण पाय कुठल्या क्षणी आणि कशामुळे सुटला हे माणसाला नेमकं कळतं. हवेत पडणाऱ्याला दंड थकले एवढंच कळतं.

म्हणून ‘नवख्यांसाठी योग्य’ हे विशेषण कातळाला केवळ त्याच्या कोनावरून लावू नये. त्याला काही अटी आहेत आणि त्या सगळ्या एकत्र पाळल्या गेल्या पाहिजेत. मागच्या बाजूने चालत माथ्यावर जाता आलं पाहिजे, म्हणजे कुणालाही जीव धोक्यात घालून दोर लावायला जावं लागत नाही. वर एकमेकांपासून स्वतंत्र असे किमान दोन भक्कम आधार हवेत, आणि त्यांपैकी एक निखळला तरी भार दुसऱ्यावर झटका न बसता जाईल अशी बांधणी हवी. गंजलेला, हलणारा, कुणी कधी ठोकला ते माहीत नसलेला बोल्ट हा बोल्ट नाही असंच धरून चालावं. चढाईच्या रेषेत पाय अडकेल असे कंगोरे नसावेत, पायथा सपाट असावा आणि कातळ कोरडा असावा. शेवाळ किंवा पाण्याची ओघळ असेल तर वर सांगितलेलं सगळं गणित कोसळतं. हेल्मेट अर्थातच डोक्यावर हवं, बिले देणाऱ्याच्याही. एवढं जुळलं तर शिकण्यासाठी तिरप्या कातळाइतकी सौम्य जागा दुसरी सापडणं अवघड आहे. जुळत नसेल तर तिथून मागे फिरणं हाच त्या दिवसाचा धडा.

पूर्वपक्ष : बरं, तिरपा कातळ मान्य करू. पण तो आडवाटेचाच का? माणसं असतील तिथे जाणकार असतात, चुकीची गाठ पाहून टोकणारे असतात, अपघात झाला तर धावून येणारे असतात. तुम्ही नवख्याला अशा ठिकाणी नेता जिथे मोबाइलला रेंज नाही आणि रुग्णालय दीड-दोन तासांवर आहे. कपारीत आग्या मोहोळ आहे की नाही हे सांगायला कुणी नाही. प्रसिद्ध जागेवर प्रत्येक मार्गाची श्रेणी ठरलेली असते, बोल्ट तपासलेले असतात. एकांताची आवड तुमच्यासारख्या मुरलेल्यांना असेल. नवख्याला सोबत हवी असते.

उत्तरपक्ष : एकांत मला सौंदर्यासाठी हवा आहे असं तुम्ही धरून चाललात. माझं पहिलं कारण त्याहून रोखठोक आहे: गर्दी घर्षण खाते. वेल्समधल्या कूम इडवाल या हिमनदीने कोरलेल्या दरीत इडवाल स्लॅब्ज नावाचा तिरप्या कातळाचा मोठा पसारा आहे. ब्रिटनमधल्या आरोहकांच्या अनेक पिढ्यांनी तिथे पहिले धडे गिरवले. 1915 मध्ये एमिली डॅनियल यांनी तिथे ‘होप’ हा मार्ग पहिल्यांदा चढून दाखवला, ई. एच. यंग या नावाने कादंबऱ्या लिहिणाऱ्या त्या याच. त्यांच्या तुकडीत आय. ए. रिचर्ड्स होते, मराठी समीक्षेच्या अभ्यासकांना ज्यांचं नाव चांगलं परिचयाचं आहे. सुमारे 140 मीटरचा हा मार्ग आजच्या ब्रिटिश श्रेणीत सोप्या गटात मोडतो. पण तेव्हा अंबाडीसारख्या धाग्याचा दोर थेट कमरेला बांधत, आणि पुढच्याने पडायचंच नाही हा अलिखित नियम होता, कारण पडल्यावर झेलणारं फारसं काही नव्हतं. अशा काळात माणसं एवढ्या मोठ्या कातळावर जाऊ शकली ती दंडांच्या बळावर नव्हे, पायांवरच्या भरवशावर. आज त्याच इडवालचे लोकप्रिय मार्ग शंभर वर्षांच्या बुटांनी झिजून गुळगुळीत झाले आहेत, आणि ओल्या दिवशी तिथली सोपी पावलंही फसवी होतात. उभ्या कड्यावर पकड थोडी झिजली तरी ती हाताला पुरते. स्लॅबवर खरखरीतपणा हीच पकड असते, आणि ती गेली की सगळंच जातं. म्हणून कमी वापरलेला कातळ नवख्याला अधिक प्रामाणिक उत्तर देतो: पाय बरोबर ठेवला तर टिकेल, चुकीचा ठेवला तर नाही.

दुसरं कारण लक्ष देण्याचं आहे. तिरप्या कातळावर वेळ लागतो. एका पावलासाठी माणूस मिनिटभर उभा राहतो, पोटऱ्या थरथरतात, मन परत फिरावं म्हणतं, मग तो श्वास सोडून वजन पुढे टाकतो. खाली पाचजण रांगेत थांबलेले असतील, कुणी ‘उजवा पाय, उजवा पाय’ म्हणून ओरडत असेल, कुणी चित्रफीत काढत असेल, तर हे मिनिट त्याला मिळत नाही. तो घाईने उडी मारतो किंवा ओशाळून खाली येतो, आणि दोन्हींतून शिकत काहीच नाही. शांत जागी त्याला स्वतःच्या भीतीशी व्यवहार करता येतो. बिले देणाऱ्याचा आवाज ओरडावं न लागता ऐकू येतो, ही तर सरळ सुरक्षेचीच बाब आहे, कारण दोराच्या दोन टोकांतले गैरसमज या खेळात फार धोक्याचे असतात.

आता मदतीचा मुद्दा. आडवाट म्हणजे बेजबाबदारी नव्हे. मार्गदर्शकाशिवाय नवख्याने तिथे जाऊ नये, आणि त्या मार्गदर्शकाला कातळ आधीपासून परिचयाचा असावा. माथ्यावरचे आधार त्याने स्वतः तपासलेले असावेत, प्रथमोपचाराची पेटी आणि जास्तीचा दोर सोबत असावा, जवळचं रुग्णालय कुठलं आणि तिथवर कसं जायचं हे निघण्यापूर्वी ठरलेलं असावं, आणि परतण्याची वेळ गावात कुणाला तरी सांगितलेली असावी. मोहोळाची खात्री तर गावकऱ्यांकडूनच होते. कुठल्या कपारीत माश्या बसल्या आहेत हे गुराख्याला जेवढं ठाऊक असतं तेवढं कुठल्याही मार्गदर्शिकेत नसतं. महाराष्ट्रात गिर्यारोहकांनीच उभारलेलं बचाव समन्वय केंद्र आहे आणि त्याच्या स्वयंसेवकांनी अनेकांना सुखरूप खाली आणलं आहे. पण त्यांना बोलवावं लागणार नाही अशी तयारी करणं हे प्रत्येक तुकडीचं पहिलं काम. गर्दीच्या जागी ही तयारी दुसऱ्या कुणीतरी केली असेल असं प्रत्येकजण गृहीत धरतो. आडवाटेला ते गृहीत धरता येत नाही, आणि नवखा पहिल्या दिवसापासून जबाबदारीने तयारी करायला शिकतो.

पूर्वपक्ष : हे सगळं वेल्समध्ये शोभतं. आपल्या सह्याद्रीत स्लॅब कुठे आहे? इथे काळा बेसाल्ट आहे, सरळ उभे कडे आहेत, मध्ये माती-गवताचे उतार आहेत, हातात निघून येणारे धोंडे आहेत. इथल्या पोराला लिंगाणा चढायचा आहे, तैलबैलाची भिंत चढायची आहे, नागफणीवरून रॅपलिंग करायचं, म्हणजे दोरावरून उतरायचं आहे. त्याला घर्षणाचे धडे देऊन काय उपयोग? जो खडक दारात आहे त्यावरच शिकावं.

उत्तरपक्ष : सह्याद्रीत मोठे, स्वच्छ स्लॅब विरळ आहेत हे अगदी खरं, आणि त्याचं कारण खडकाच्या जन्मात आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराला लाव्हाचे थर एकावर एक आडवे पसरत गेले. त्यातला टणक, घट्ट थर उभ्या भेगांवर तुटतो आणि कडा तयार होतो. सच्छिद्र, मऊ थर झिजून मातीचा, गवताचा उतार होतो. म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात: कडा, मग घसारा, पुन्हा कडा. महाराष्ट्राचा सुमारे 80 टक्के भूभाग याच खडकाचा आहे. ग्रॅनाईटची गोष्ट वेगळी. तो खोल जमिनीत, प्रचंड दाबाखाली थिजतो. वरचं ओझं झिजून गेलं की तो फुगतो आणि पृष्ठभागाला समांतर अशा पापुद्र्यांनी सुटत जातो. उरतात ते गोल घुमट आणि त्यांच्या लांबच लांब तिरप्या पाठी. असा ग्रॅनाईट आपल्यापासून फार दूर नाही. कर्नाटकात दक्षिणोत्तर पसरलेला क्लोजपेट ग्रॅनाईटचा पट्टा सुमारे अडीचशे कोटी वर्षं जुना आहे. रामनगर, मागडी, कनकपुरा या भागात त्याचे घुमट एकामागून एक उभे आहेत. त्यांतला 1226 मीटर उंचीचा सावनदुर्ग एवढा मोठा आहे की त्याच्या एका अंगाने हौशी पर्यटक उघड्या कातळावरून चालत माथ्यावर जातात आणि दुसऱ्या अंगाला आरोहकांचे अनेक दोरलांबीचे मार्ग आहेत. तिथे गर्दी असते, पण आसपासच्या लहान, अनाम टेकाडांच्या पाठी बहुतेक दिवस रिकाम्या असतात. आपले आरोहक बदामीच्या वालुकाश्मासाठी आणि हंपीच्या धोंड्यांसाठी कर्नाटकात जातातच. त्या प्रवासात नवख्यांसाठी तिरप्या ग्रॅनाईटचे दोन दिवस जोडणं अशक्य नाही. थंडीच्या दिवसांत जावं, आणि सकाळीच चढावं. दुपारी कातळ तापला की रबर मऊ पडतं आणि तळहातांना घाम सुटतो.

आणि तिथे शिकलेलं सह्याद्रीत निरुपयोगी ठरतं हे मला मुळीच मान्य नाही. उलट सह्याद्रीतला प्रस्तर असा आहे की त्यात हातावर भरवसा ठेवणं सर्वांत घातक. पकड ओढली की निघून येते, गवताचा झुबका मुळासकट सुटतो. जो आरोहक वजन पायांवर ठेवून हात फक्त तोलाला वापरतो, त्याच्या हातातला दगड सुटला तरी तो स्वतः सुटत नाही. साध्या भटक्यांचंही असंच. घसाऱ्यावरून उतरताना बसकण मारणारा, उतारावरून आडवं जाताना डोंगराकडे कलून गवत धरणारा, कातळटप्प्यावर पोटाने सरपटणारा माणूस प्रत्येक गडावर दिसतो. तिघांची चूक एकच, वजन पायांवरून काढून घेण्याची. खोबण्यांच्या आणि पावठ्यांच्या वाटा ज्यांनी कोरल्या त्यांनी पाऊल नीट बसेल एवढीच जागा ठेवली. पुढचं काम पायांवर सोपवलं. दार्जिलिंगच्या आणि उत्तरकाशीच्या संस्थांमधल्या मूलभूत अभ्यासक्रमांत बर्फावर जाण्याआधी खडकावर सराव करून घेतात तोही याच समजुतीने, की तोल आणि पावलांची शिस्त एकदा अंगात मुरली की पृष्ठभाग बदलला तरी ती सोबत येते.

पूर्वपक्ष : शेवटचं विचारतो. असे लेख लिहून तुम्ही आडवाटेच्या जागांवर लोक पाठवाल. वर्षभरात तिथे प्लॅस्टिकच्या पिशव्या, रंगवलेले बाण आणि कानठळ्या बसवणारं संगीत येईल. रामनगरच्या कड्यांवर गिधाडं घरटी करतात. तुमच्या नवख्यांनी त्यांना हुसकावलं तर? ज्या शांततेची तुम्ही थोरवी गाता तीच तुमच्या सल्ल्याने संपेल.

उत्तरपक्ष : या चिंतेत मी तुमच्यासोबत आहे. रामनगरजवळच्या रामदेवरबेट्टाचा परिसर 2012 पासून गिधाडांसाठी अभयारण्य आहे. लांब चोचीच्या गिधाडांची संख्या देशभर भयावह घटली, त्याला मुख्यतः गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे औषध कारण ठरलं. जी थोडी जोडपी उरली त्यांच्या कड्याखाली दोरांचा गोंधळ घालण्याचा हक्क कुणालाच नाही. अशा जागा आपण होऊन सोडून द्याव्यात, बंदीचा फलक लागण्याची वाट पाहू नये. बाकीच्या ठिकाणीही मालकाची किंवा वनखात्याची परवानगी, गावाशी आधी बोलणं, सहा-आठ जणांहून मोठी तुकडी न नेणं आणि कातळावर रंगाचा एकही ठिपका न ठेवणं हे नियम चढाईच्या तंत्राइतकेच पहिल्या दिवशी शिकवावेत. नवखा जिथे पहिल्यांदा शिकतो तिथली वागणूक तो रीत म्हणून उचलतो. म्हणून मी एका ठरावीक टेकाडाचं नाव इथे मुद्दाम देत नाही. प्रत्येक संस्थेने आपल्या आवाक्यातला कातळ शोधावा, आणि गरज पडली तर वर्षाआड जागा बदलावी. त्याने खडकालाही उसंत मिळेल.

तुमच्या आक्षेपांनी माझं म्हणणं बदललं नाही, पण ते नेमकं केलं. सगळेच तिरपे कातळ नवख्यासाठी नाहीत, सगळ्याच निर्जन जागा चांगल्या नाहीत, आणि कृत्रिम भिंतीला तिचं स्वतःचं स्थान आहे. तरीही क्रमाचा आग्रह मी सोडत नाही. आज आपल्याकडच्या अनेक प्राथमिक शिबिरांत पहिल्याच दिवशी उभ्या भिंतीवर चढाई आणि रॅपलिंग होतं, छायाचित्रं छान येतात, आणि माणूस आपल्याला क्लायंबिंग येतं अशा समजुतीने घरी जातो. पुढे सह्याद्रीच्या एखाद्या ठिसूळ टप्प्यावर त्याचे हात दमतात तेव्हा पायांना काय करायचं ते माहीत नसतं. शिबिर भरवणाऱ्या प्रत्येक संस्थेने पहिले दोन दिवस तिरप्या, कोरड्या, वरून दोर लावलेल्या कातळावर ठेवावेत; पहिल्या दिवशी हात पाठीमागे बांधल्यासारखे वापरायला लावावेत, आणि जो पायांवर शांतपणे उभा राहू शकतो त्यालाच तिसऱ्या दिवशी उभ्या भिंतीकडे न्यावं. यात खर्च जास्त नाही, साधनं नवी लागत नाहीत. लागते ती थोडी सवड आणि छायाचित्रांचा मोह आवरण्याची तयारी. एवढी तयारी ज्या संस्थेची नसेल, तिने दुसऱ्यांच्या मुलांचे जीव दोराला बांधू नयेत.